जुना माल

म्हापशाच्या बाजारात, केळ्यांच्या ओळीमागे,
आमचं मॅचिंग सेंटर.
सदतीस वर्षं मी लोकांच्या रंगाला रंग लावून दिला.
फॉल, अस्तर, रिळं.
निळ्याचेच एक्केचाळीस डबे:
मोरपंखी, रामा, नेव्ही, शाळेचा, शाईचा,
आणि एक बिननावाचा,
शापोऱ्याच्या होड्यांना बाहेरून फासतात तो.

मग गिऱ्हाइकं परत येऊ लागली.
"हो निळो न्हय, काळो."
मी ट्यूबलाइटला शिव्या दिल्या.
कापड घेऊन दारात जाऊ लागलो, उन्हात.
ऊनच जरा पिवळं वाटायचं.
म्हटलं, एप्रिल आहे, असणारच.

बांबोळीला डॉक्टर मिनोश्का बार्रेटो,
माझ्या धाकटीच्या वयाची,
केसपेपरच्या पाठीवर डोळा काढून सांगू लागली:
भिंगात रक्त जात नाही, काका.
जुनी पेशी झडत नाही, नवी तिच्यावर चढते.
अगदी मधलं जे आहे
ते तुमच्या जन्माच्या आधीचं.
तिथलं प्रथिन एकदाच बनतं,
बदली माल येत नाही.

प्रथिन म्हणजे घडी, ती म्हणाली.
घडी नीट, तोवर उजेड आरपार.

घडीचं मला सांगायला नको.
दिवसभर बायका पातळं उलगडून टाकतात,
दिवेलागणीला आमचा रोहिदास
गादीवर बसून एकेक पुन्हा घालतो.
तसा एक भिंगातही असतो म्हणे, अल्फा नावाचा.
त्याला घडी घालता येत नाही.
सुटलेल्यांना नुसता धरून बसतो,
एकमेकांत गुंतू देत नाही.
तोही पहिल्या दिवसापासून कामावर,
रजा नाही, हाताखाली कोणी नाही.
चाळिशीच्या आसपास पुरेनासा होतो.

विकरं थकतात.
गंज अडवणारं द्रव्य मध्यापर्यंत पोचत नाही.
ऊन लागत राहतं,
साखर चिकटून तपकिरी होतं, दोदोलासारखं,
असं ती म्हणाली आणि आम्ही दोघंही हसलो,
माझी शुगर तिच्या हातातच होती.
सुटलेल्यावर सुटलेलं पडतं, गठ्ठा होतो.
आणि पिवळं भिंग
पहिल्यांदा निळा खातं.

उजवा डोळा मार्चात झाला.
काढलेलं भिंग मिळेल का, मी विचारलं.
आईची दुसरी काहीच वस्तू माझ्याकडे नव्हती.
"तुकडे करून ओढून घेतात, काका.
मिळण्यासारखं काही उरत नाही."

पट्टी सुटली तेव्हा समोर बादली होती,
वॉर्डातली, प्लास्टिकची, कड फुटलेली.
मी बघतच राहिलो.
इतका निळा मी रोज विकायचो?

दुकानात येऊन डबे उघडले.
एक्केचाळिसांतले नऊ भलतीकडे,
अक्षर माझंच.

शुक्रवारी एस्पेरांसाबाय आली, पिशवीत चोरीस,
अंगात दुखवट्याचा काळा झगा.
आणि खालच्या पट्टीवर
टाक्याला टाका, चहूकडून,
नेव्ही.
माझंच रीळ. मी काळं म्हणून दिलेलं.
वर्षभर ती हे घालून मिसेला जात होती.

बाय, सांगायचं नाही का?

"हांवें पयल्याच दिसा पळयलें," ती म्हणाली,
सुटे पैसे मोजता मोजता.
"इनासाक निळोच आवडटालो."

डावा डोळा अजून तसाच आहे.
बुधवारची तारीख होती, दोनदा पुढे ढकलली.
डॉक्टरीण फोनवर रागावते.
रात्री शटर ओढण्याआधी
मी उजवा मिटून घेतो
आणि डाव्यानं एकदा दुकान बघतो:
सगळी कपाटं जुन्या तुपाच्या रंगाची,
नेव्ही आणि काळा शेजारी शेजारी,
कुणाची कुणाशी तक्रार नाही.

"डोळ्यांत कितें गेलें?" रोहिदास विचारतो,
हातात अर्धी घडी.

काही नाही रे.
माल मोजतोय.